चाकावरची टोपी

आमच्या गल्लीच्या टोकाला कारखान्याची भिंत होती आणि त्या भिंतीत एक खिडकी होती. खिडकी कँटीनची. आत कामगार बसून खायचे आणि बाहेर रस्त्यावर उभे राहून आमच्यासारखे उपरे. बाहेरच्या माणसाला चहाचा घोटसुद्धा द्यायचा नाही असा नियम होता. पण तो आतल्या भिंतीवर लावलेला होता आणि मावशी खिडकीत उभ्या राहिल्या की त्यांची पाठ नेमकी त्याच्याकडे असायची.

मावशी म्हणजे हे कँटीन चालवणाऱ्या बाई. त्यांना दुसरं काही नाव असणारच, पण मॅनेजरपासून गेटवरच्या रखवालदारापर्यंत सगळे मावशीच म्हणत. अंगाने ठेंगण्या, चालणं लगबगीचं, हात रिकामे कधी नाहीत. चहा गार झाला म्हणून कुरकुर केली की म्हणायच्या, "तुझं बोलणं संपेपर्यंत इस्त्रीसुद्धा गार होईल. चहाचं काय घेऊन बसलास." मी तेव्हा गावातल्या एका वकिलांकडे कारकून होतो. कोर्टात जी माहिती काढायला चार तारखा लागत, ती मला त्या खिडकीत एका कपात मिळायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणी मोडलं आणि त्यात मुलीच्या आत्याचा हात किती, सगळं.

या बाईंनी एकदा कारखान्याच्या टोप्यांचा प्रश्न सोडवला. कंपनी प्रत्येक ऑपरेटरला निळी कापडी टोपी द्यायची. सगळ्या एकसारख्या. मग रोज अदलाबदल आणि माझ्या टोपीला तुझ्या डोक्याचं तेल कसं लागलं, यावरून हमरीतुमरी. मावशींनी एका दुपारी सगळ्या टोप्या गोळा केल्या आणि प्रत्येकीवर दोऱ्याने एकेक खूण भरली. कोणाला चांदणी, कोणाला किटली, पाळीत डुलक्या घेणाऱ्या एकाला चक्क उशी. अॅसिडच्या टाकीवर एक उंच, काटकुळा ऑपरेटर होता. पाइपला टेकून एका पायावर उभं राहायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला बगळ्या म्हणत. त्याच्या टोपीवर मावशींनी पांढऱ्या दोऱ्याने एका पायावरचा पक्षी काढला.

"मावशी, हे काय काढलंस?"

"बदक आहे."

"बदकाला एकच पाय?"

"दोरा संपला."

या खुणांमुळे पुढे एक पद्धतच पडून गेली. व्हॉल्व्ह उघडा ठेवून कोणी दुसरीकडे गेला तर व्हॉल्व्ह फिरवायच्या चाकाला पितळी बिल्ला अडकवायचा, असा कंपनीचा नियम. पण बिल्ले कपाटात, कपाटाची किल्ली मॅनेजरसाहेबांकडे आणि साहेब कुठे आहेत ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नसायचं. मग कामगार आपली टोपीच चाकावर अडकवू लागले. टोपी दिसली की फेरीवरच्या माणसाने टाकीकडे लक्ष द्यायचं, भरत आली की व्हॉल्व्ह बंद करायचा आणि खूण बघून ज्याची टोपी त्याला नेऊन द्यायची. डोकं उघडं असेल तर व्हॉल्व्ह उघडा, डोक्यावर टोपी असेल तर सगळं बंद. इतकं साधं. साधं असल्यामुळे बिनबोभाट चाललं. टाकीची पातळी दाखवणारी काचेची नळी वाफेने आंधळी झालेली, ती बदला म्हणून सांगून कामगारांच्या जिभा झिजल्या होत्या. तेव्हा सगळा भरवसा टोपीवर.

मावशींच्या घराबद्दलही सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत जायची. कारखान्याच्या मागून एक ओढा वाहायचा, त्याच्या काठच्या आळीत त्या मोठ्या जावेबरोबर राहायच्या. दोघींचे नवरे एकामागोमाग गेले, भांडणं मात्र घरातच ठेवून गेले. जाऊबाईंचा ओढ्याला लागून भाजीचा मळा होता. कोबी, मुळे, कांद्याची पात. त्या मळ्यावर त्यांचा इतका जीव की कोबीच्या गड्ड्याला हात लावण्याआधी त्याला विचारत असाव्यात.

"तुझ्या हातची भाजी खाऊनच त्या कामगारांना अॅसिडची भीती वाटत नाही," जाऊबाई म्हणायच्या.

"आणि तुमच्या हातची गाढवाला घातली तर ते मीठ मागायला माझ्या खिडकीत येईल," मावशी म्हणायच्या.

हे रोज. आळीतल्या लोकांना त्याशिवाय जेवण गेल्यासारखं वाटत नसे.

तर एके दिवशी कारखान्यात पाहुणे आले. कंपनीच्या मुख्य कचेरीतले, कडक इस्त्रीचे. मॅनेजरसाहेबांनी फेरीवरचा माणूस सोडून सगळ्यांना पूर्ण गणवेशात आवारात रांगेत उभं केलं. त्याच वेळी टाकी भरायला अॅसिडचा टँकर लागला होता. बगळ्याने टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, टोपी चाकावर अडकवली आणि हाक आली म्हणून रांगेत जाऊन उभा राहिला. त्याचा जोडीदार आत फेरीवर होताच.

रांग झकास दिसत होती. निळ्या टोप्यांची ओळ आणि मध्ये हा एक बोडका, पडलेल्या दातासारखा. साहेबांचा जीव वरखाली झाला. मावशी पाहुण्यांसाठी चहाचा ट्रे घेऊन चालल्या होत्या. साहेबांनी त्यांना गाठलं.

"मावशी, ह्याची टोपी घेऊन या. असेल तिकडे चाकावर टांगलेली."

"साहेब, चाकावर आहे म्हणजे..."

"आणा हो आधी. पाहुणे इकडेच वळतायत."

मावशी गेल्या आणि चाकावरून टोपी काढून घेऊन आल्या. त्यांच्या मनात होतं, टोपी हातात दिली की ह्याला कळेल आणि हा पळत सुटेल. बगळ्याने टोपी घेतली, हसला आणि डोक्यावर चढवली. मावशींना वाटलं, ह्याने कोणाला तरी सांगून ठेवलेलं दिसतंय. आणि बगळ्याचं काय झालं? इतकी वर्षं टोपी परत डोक्यावर आली म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला. टोपी चढली आणि व्हॉल्व्ह डोक्यातून साफ निघून गेला. गडी निवांत एका पायावर उभा राहिला. आत जोडीदार चाकासमोरून गेला, टोपी नाही म्हणजे सगळं बंद, असं समजून पुढे चालू लागला.

पाहुण्यांनी भाषण केलं. विषय सुरक्षितता. भाषण लांबलं.

टाकी भरून वाहू लागली तेव्हा टाळ्या चालू होत्या, त्यामुळे फसफस आधी कोणाला ऐकूच आली नाही. अॅसिड गटारात, गटार ओढ्यात. पांढरा धूर आळीवर पसरला. लोक डोळे चोळत घराबाहेर पळाले. ओढ्यावर वाळत घातलेल्या चादरींची जाळी झाली. मासे उलटे होऊन वर आले. पाण्यात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या धोब्याच्या पायांची कातडी गेली, तो पुढे कित्येक महिने काठीच्या आधाराने चालला. जीव कोणाचा गेला नाही, एवढंच नशीब. जाऊबाईंचा कोबी मात्र बसल्या जागी काळा पडला. त्या बांधावर उभ्या राहून बघत राहिल्या आणि मग ज्याच्या हातून हे झालं त्याच्या हातांना उद्देशून जे बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. शेजारीच मावशी उभ्या होत्या.

खटला उभा राहिला. आरोपी बगळ्या, हलगर्जीपणाचा, आणि त्याच्यासोबत कंपनी व मॅनेजर; बगळ्याची बाजू आमच्या वकीलसाहेबांकडे. कंपनीने शहरातून एक मोठे वकील आणले. त्यांच्या चष्म्याची दोरीसुद्धा आमच्या वकीलसाहेबांच्या कोटापेक्षा नवी होती. कंपनीचा बचाव सरळ होता. नियम भिंतीवर आहे, बिल्ले कपाटात आहेत, टोपीची ही पद्धत आम्ही आजच ऐकतो. एका माणसाने नियम मोडला, त्याला कंपनी काय करणार? हे टिकलं तर बगळ्या तुरुंगात जाणार आणि ओढ्याकाठची आळी भरपाईसाठी त्याच्या खिशाकडे बघत बसणार. त्या खिशात एक कंगवा होता.

पद्धत साहेबांना माहीत होती, किंबहुना साहेबांनीच टोपी काढायला लावली, हे कोणीतरी कोर्टात सांगायला हवं होतं. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलेलं. पण सगळ्यांना घरदार होतं. खिडकीपाशी कुजबुजायचे, कोर्टाचं नाव काढलं की लगेच कोणाला ऐकू कमी येऊ लागायचं, कोणाला दिसायला.

आणि खुद्द बगळ्या काय सांगायचा? आमच्या कचेरीत खुर्चीवर बसून, खाली मान घालून, एकच.

"विसरलो साहेब. टोपी चाकाला लावायचीच राहिली."

आमचे वकीलसाहेब जन्मभर कुंपणाच्या आणि शेजाऱ्याच्या फांदीच्या भांडणात मुरलेले. थापा त्यांना वासावरून कळत. म्हणाले, "लावायची राहिली तर ती तुझ्या डोक्यावर हवी होती. मग रांगेत बोडका कशाला उभा होतास?"

"उकडत होतं."

"खोटं बोलतोय तो," दारातून आवाज आला. मावशी होत्या. हातात डबा. डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला, कारण न्याय काहीही होवो, माणसांनी उपाशी राहू नये असं त्यांचं मत. "टोपी लावली होती. मी काढली. साहेबांनी सांगितलं म्हणून काढली, पण काढली मी. हे कोर्टात सांगायचंय मला."

"मावशी, तू घरी जा," बगळ्या म्हणाला.

"तू गप्प बस. मला वाचवायला निघालाय. आधी स्वतःच्या शर्टाची बटणं नीट लाव."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, "मावशी, मी ह्याचा वकील आहे, तुमचा नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. तुम्ही हे बोललात तर हा सुटायची आशा आहे. पण उद्या तुमच्यावरही खटला होऊ शकतो. कँटीन जाईल ते वेगळंच. दुसऱ्या एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या आणि मग काय ते ठरवा."

"दुसरा वकील काय सांगेल?"

"गप्प बसा म्हणेल बहुतेक."

"गप्प बसायला माझी जाऊ रोज सांगते, तेही न विचारता. त्यासाठी वकील कशाला?"

बोलल्या खऱ्या, पण डब्याचं झाकण त्यांनी उगीच दोनदा उघडून लावलं. भीती खटल्याची नव्हती, कँटीनचीही नव्हती. मॅनेजरसाहेब मधल्या काळात खिडकीपाशी येऊन गेले होते, "मावशी, तुमचं वय झालं, कोर्टकचेरीची दगदग कशाला? कँटीन आहे, निवांत चालवा," असं गोड बोलून. मावशींनी त्यांच्या चहात साखर घातली नाही आणि साहेब घाईत इतके की त्यांना कळलंही नाही. भीती होती ती आळीची. ज्या दारांवरून रोज जायचं, त्या दारांमागच्या माणसांचे डोळे आणि मळे आपल्या हाताने जळले, हे त्यांना भर कोर्टात सांगायचं होतं. आणि सगळ्यात आधी जाऊबाईंना.

ते त्यांनी साक्षीच्या आदल्या आठवड्यात सांगितलं. जाऊबाई मळ्यातली करपलेली माती खरवडून टोपलीत भरत होत्या. मावशी बांधावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जाऊबाई, त्या दिवशी टोपी मी काढली होती. माझ्या ह्या हातांनी." शेजारणीने कुंपणाआडून ऐकलं, म्हणून मला माहीत. जाऊबाईंनी वर बघितलं, परत मान खाली घातली आणि माती खरवडू लागल्या.

त्या दिवसापासून त्या घरातून आवाज येईना. टोमणा नाही, भांडं आपटणं नाही. पूर्वी त्यांचं भांडण ऐकायला कान लावावे लागत नसत, आता लोक खिडक्यांशी कान लावून बसू लागले. एकजण मला म्हणाला, "काहीतरी करा हो, आम्हाला झोप येत नाही."

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. पुढच्याच बाकावर जाऊबाई, ओठ घट्ट मिटलेले, मांडीवर पिशवी. मावशींनी पिंजऱ्यात उभं राहून आधी त्यांच्याकडे बघितलं आणि बघितल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखी मान वळवली. मग सगळं सांगितलं. टोप्या, खुणा, चाक, ट्रे, साहेब. बदकाचं आलं तेव्हा बगळ्या आरोपीच्या जागेवरून पुटपुटला, "बगळा होता ना तो?" न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं.

मोठे वकील उलटतपासणीला उठले. आवाज लोण्यासारखा.

"बाई, टोपी चाकावर असली की व्हॉल्व्ह उघडा असतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तरी तुम्ही ती काढलीत?"

"काढली."

"म्हणजे ओढ्यात जे गेलं ते तुमच्यामुळे गेलं."

"माझ्यामुळे गेलं. ह्याच्यामुळेही गेलं, टोपी बघून ह्याला शुद्ध यायला हवी होती. आणि साहेबांमुळे गेलं. त्यांनी आणायला लावली आणि माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. कोणाच्या वाट्याला किती, ते तुम्ही सगळे मिळून ठरवा. माझा वाटा मी नाकारत नाही."

"साहेब टोपी आणा म्हणाले असतील. ती कुठे असते हे त्यांना काय ठाऊक?"

"चाकावर टांगलेली असेल, असं त्यांनीच सांगितलं."

"हे तुमच्याशिवाय कोणी ऐकलं?"

"पूर्ण रांगेने. पण सध्या त्यांची प्रकृती बरी नाही."

कोर्टात हसू फुटलं. रांगेतले जे दोन-चार मागे उभे होते, त्यांनी जमिनीकडे पाहिलं. मोठे वकील खाली बसले. त्यांना उत्तर हवं होतं ते मिळालं होतं, फक्त त्याला साहेब चिकटून आले होते.

पुढच्या तारखेला बगळ्याचा जोडीदार आपणहून आला आणि चाकावर टोपी नव्हती, पद्धत साहेबांना ठाऊक होती, असं त्याने सांगितलं. त्याच्यामागून रांगेतला एक, साहेबांचं बोलणं ऐकलेला. कान बरे होण्याची साथच आली म्हणा. निकाल लागायला पुष्कळ दिवस गेले. बगळ्या सुटला. कंपनी आणि मॅनेजर जबाबदार ठरले आणि आळीला भरपाई मिळाली. धोब्यालाही. न्यायाधीशांनी लिहिलं की जी बाई काही मिळण्यासारखं नसताना दोष स्वतःवर घेते, तिचं बोलणं खरं न मानण्याचं कारण दिसत नाही. आणि लगेच पुढच्या ओळीत लिहिलं की या बाईचा निष्काळजीपणाही लहान नव्हता. मावशींनी ती ओळ माझ्याकडून वाचून घेतली. "बरोबर लिहिलंय," म्हणाल्या. त्यांच्यावर खटला झाला नाही. कँटीन मात्र साक्ष झाली त्याच आठवड्यात गेलं. खिडकी विटांनी बुजवली. मला आजही त्या बाजूने जाताना पाय रेंगाळल्यासारखे होतात, पण आता तिथे भिंतही नाही. कारखाना गेला, मोठमोठी दुकानं आली, चहा यंत्रातून मिळतो आणि यंत्राला कोणाच्या आत्याचं काही ठाऊक नसतं.

पण मला निकालापेक्षा आठवतो तो साक्षीचाच दिवस. कोर्टातून आम्ही सगळे पायी परत निघालो. पुढे मावशी एकट्या, मागे आळीतली माणसं, सगळी मुकी. ओढ्यावरच्या पुलाशी कोणीतरी मागून बोललंच, "चहा पाजता पाजता आमची घरं जाळली बाईने."

मावशींची पावलं अडखळली, पण त्या वळल्या नाहीत. वळल्या त्या जाऊबाई. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बोलणाऱ्याला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तिला बोलायचं असेल तर मी बोलेन. मळा माझा जळलाय आणि जाऊही माझी आहे. तुझी कोण लागते ती?"

जाऊबाई झपाझप पुढे गेल्या आणि मावशींना गाठलं. मी मागे अंतर ठेवून होतो, पण कान कुठे ठेवायचे हे मला आधीपासून जमतं.

"कोर्टात एवढं बोललीस," जाऊबाई म्हणाल्या, "आणि तोंड पुसायला रुमाल नाही घेतलास?"

"विसरले."

"विसरणारच. आता कँटीन जाणार, म्हणजे दिवसभर घरात असशील तू."

"असेन."

"माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही."

"तुमची भांडी कशी घासलेली असतात ते बघितलंय मी. काळी ठिक्कर."

"बघितलंयस ना, मग उद्यापासून घास."

मागून येणारी आळी एकदम मोकळी झाल्यासारखी बोलू लागली. कोणीतरी शिंकलं, कोणीतरी हसलं. पुढे त्या दोघी हातवारे करत, एकमेकींना अडवत, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात घराकडे निघाल्या होत्या.